टायरॉड एंड तुटला? आधी किंगपिन बघा

पुढे सरळ बीम (दोन्ही चाकांमधला एकसंध अ‍ॅक्सल) आणि पाटे असलेल्या जुन्या पिकअपचा टायरॉड एंड (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या नळीच्या टोकाचा बॉलचा सांधा) निखळला, ड्रॅग लिंक (स्टेअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा) वाकली किंवा स्टबचा (चाकाचं हब ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागाचा) आर्म तडकला, की बहुतेक ठिकाणी तेवढाच भाग बदलतात आणि गाडी पुन्हा मालाला लावतात. काही महिन्यांत तोच भाग पुन्हा जातो. मग दोष स्पेअरवर टाकला जातो. स्पेअर कधी कधी खरंच हलका असतो, पण पुन्हा पुन्हा तुटण्यामागे बहुतेक वेळा कोरडा पडून जाम झालेला किंगपिन असतो, म्हणजे बीमच्या टोकाची ती उभी पिन जिच्याभोवती स्टब वळतो. तो न बघता केलेलं काम अर्धवट आहे.

इथे लिहितो आहे ते टाटा ४०७ सारख्या, पाट्यांवरच्या सरळ बीम अ‍ॅक्सलबद्दल. ज्या पिकअपना पुढे टॉर्शन बार किंवा कॉइल स्प्रिंग आणि वर-खाली बॉल जॉइंट आहेत, त्यांचं गणित वेगळं.

आपल्याकडच्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत जोर कसा जातो ते आधी डोळ्यांसमोर आणा. स्टेअरिंग बॉक्स त्याच्या शाफ्टवरचा ड्रॉप आर्म हलवतो, ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक उजव्या स्टबच्या आर्मला फिरवते, आणि उजव्या स्टबकडून टायरॉडमार्फत डावं चाक वळतं. म्हणजे ड्रॅग लिंकवर दोन्ही चाकांचा भार येतो, टायरॉडवर फक्त डाव्या चाकाचा. म्हणून टायरॉडचे एंड वारंवार जात असतील तर संशय आधी डाव्या किंगपिनवर घ्यायचा. ड्रॅग लिंक किंवा उजव्या स्टबचा वरचा आर्म गेला असेल तर दोन्ही किंगपिन तपासायचे. शिवाय स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्टही, कारण बॉक्स ढिला असेल तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का ड्रॅग लिंकच्या बॉलवर बसतो.

जाम किंगपिन ओळखायला यंत्र लागत नाही. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, बीमखाली जॅक देऊन पुढची दोन्ही चाकं उचला आणि बीमखाली घोड्या (पक्के स्टँड) ठेवा. नुसत्या जॅकवर अशा कामाला हात घालू नका. टायरॉड आणि ड्रॅग लिंक स्टबच्या आर्मपासून सोडवा. आता एकेक चाक हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. चाक एका हाताने, एकसारख्या हलक्या जोराने फिरलं पाहिजे. मध्येच अडत असेल, खरखरत असेल किंवा दोन्ही हातांनी ढकलावं लागत असेल, तर तुटलेल्या भागाचं कारण तेच. गाडी चालवतानाही याची खूण मिळते: वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, ड्रायव्हरला ते परत ओढावं लागतं.

उलट बाजूचा दोष म्हणजे प्ले, अर्थात ढिलेपणा. चाक उचललेलं असताना टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हललं तर तो हब बेअरिंगचा प्ले आहे की किंगपिनचा, हे ठरवण्यासाठी मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि बॅक प्लेट (स्टबला बोल्टने बसवलेली ब्रेकची प्लेट) एकजीव होतात, बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. तरीही हलत असेल तर तो किंगपिनचा. बुशमधली (पिन ज्यात फिरते त्या स्टबमधल्या नळीतली) ०.२ मिमी फट टायरच्या कडेशी साधारण मिलिमीटरभर हालचाल दाखवते, त्यामुळे तिथे ३ मिमी हलणारं चाक म्हणजे बुश संपलेला. असं चाक वरच्या बाजूने आत कलतं आणि टायरची आतली कड खातं. अलाइनमेंटवाल्याकडे कितीही फेऱ्या मारल्या तरी ते खाणं थांबत नाही.

टायरॉड आणि ड्रॅग लिंकचे एंड मात्र चाकं जमिनीवर असतानाच तपासायचे. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली एकेका जॉइंटवर हात ठेवायचा. बॉल आणि त्याचं घर एकाच वेळी हलले पाहिजेत. एक आधी आणि दुसरं नंतर हललं की एंड बदलायचा. पान्ह्याने किंवा पकडीने दाबून बघितलेला एंड फसवतो, कारण आतली स्प्रिंग कोणत्याही एंडला थोडं दबू देते.

सोडवताना

टायरॉडची लांबी बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून लिहून ठेवा. ड्रॅग लिंकचीही. नंतर हेच दोन आकडे गाडी निदान अलाइनमेंटपर्यंत न्यायला उपयोगी पडतात.

एंडचा टेपर (बॉलचा निमुळता दांडा) सोडवायला नट काढून आट्यांच्या टोकावर घण घालणं ही सर्वात वाईट पद्धत. आटे पसरतात, टेपर हलतही नाही. नट दोन-तीन आटे सैल करून ठेवा, आर्मच्या डोळ्याच्या (टेपर बसतो त्या भोकाच्या) एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि बरोबर समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने खणखणीत ठोका द्या. डोळा क्षणभर लांबट होतो आणि टेपर सुटतो. पुलर असेल तर त्याचा ताण देऊन मग ठोका द्या, आणखी सोपं जातं. ड्रॉप आर्म मात्र फक्त पुलरनेच काढायचा. त्यावर घण घातला की मार थेट बॉक्समधल्या बेअरिंगवर जातो. काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर छन्नीने समोरासमोर खूण करा.

किंगपिनसाठी चाक, हब आणि ड्रम काढा. बॅक प्लेटचे बोल्ट सोडून प्लेट तारेने पाट्याला बांधून ठेवा. ब्रेकच्या होजवर लटकत ठेवली तर होज आतून फाटतो आणि बाहेरून दिसतही नाही. मग बीमच्या डोळ्यातला कॉटर (पिनेला जागच्या जागी धरणारी पाचर): त्याचा नट टोकाशी समपातळीत येईपर्यंत सैल करा, पितळी दांड्याने आट्यांच्या बाजूने ठोका, कॉटर हलला की नट काढून बाहेर घ्या. वरची-खालची टोपी काढा आणि पिनेपेक्षा थोड्या बारीक गोल दांड्याने पिन ठोका.

बरेच किंगपिन इथे हलत नाहीत. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोका. तरी हलला नाही तर बीम उतरवून प्रेसवर न्या, किंवा बीमवरच बसणारा हायड्रॉलिक पुलर मागवा. गॅसने डोळा लाल करून पिन काढणारे खूप आहेत. बीम फोर्ज केलेला आणि उष्णतेने कमावलेला असतो. लाल केलेल्या डोळ्याची ती ताकद जाते, पुढे डोळा लांबट होतो आणि नवी पिन कॉटर लावूनही हलत राहते. पिनेच्या टोकाला ठोकून फूल आलं असेल तर ते ग्राइंडरने घासून मगच पुढे ठोका, नाहीतर ते फूल बुश आणि डोळा दोन्ही ओरबाडत जाईल.

काय टाकायचं, काय ठेवायचं

याबाबतीत माझं मत ठाम आहे. स्टेअरिंगचा तुटलेला, तडकलेला किंवा वाकलेला भाग वेल्डिंग करून, तापवून सरळ करून पुन्हा लावायचा नाही. ना टायरॉड, ना ड्रॅग लिंक, ना स्टबचा आर्म, ना स्टब. वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. वरून जोड मजबूत दिसतो आणि तडा त्या पट्ट्यातून जातो. ब्रेक फेल झाला तर गिअर आणि हँडब्रेक हाताशी असतात. स्टेअरिंगचा सांधा सुटला तर ड्रायव्हरच्या हातात काहीच उरत नाही.

वाकलेला टायरॉड ओळखायला तो सपाट टेबलावर फिरवा, प्रकाशाची फट दिसेल. आर्म आणि स्टबवरचे तडे साध्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. तीन डब्यांचा डाय पेनेट्रंट सेट मिळतो: साफ करणारा, लाल रंगाचा आणि पांढरा डेव्हलपर. भाग साफ करून लाल मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसून पांढरा मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तो सेट नसेल तर वर्कशॉपची जुनी रीत आजही चालते. भाग केरोसीनमध्ये भिजत ठेवा, कोरडा पुसा, खडूची पूड चोळा आणि हलके ठोके द्या. तड्यातलं केरोसीन वर येऊन पुडीवर ओली रेघ उमटते.

स्टबवर सगळ्यात बारकाईने बघायची जागा म्हणजे आतलं बेअरिंग बसतं तिथला गोलाईचा कोपरा. स्टब तुटतो तो बहुधा इथे. बेअरिंग जाम होऊन जागा निळी पडली असेल, किंवा बेअरिंगची आतली रिंग फिरून स्टबला खाच पडली असेल, तर तडा नसला तरी स्टब बाद. खाचेवर वेल्डिंग भरून लेथवर घासलेले स्टब सर्रास विकले जातात. ते घेऊ नका. रुंद टायरसाठी बाहेर निघालेले रिम किंवा स्पेसर लावले असतील तर तेही काढा. चाक जितकं बाहेर, तितका या गोलाईवर वाकवणारा जोर जास्त.

बीमचा डोळा नव्या पिनेने तपासा. पिन हाताच्या दाबाने किंवा हलक्या ठोक्याने बसली पाहिजे आणि डोळ्यात डुलता कामा नये. डुलत असेल तर मध्ये पितळेचा पत्रा गुंडाळायचा प्रकार करू नका. डोळा बोअर करून ओव्हरसाइझ पिन मिळत असेल तर ती, नाहीतर बीम बदलायचा.

बुश आणि रिमर

किंगपिनचं किट दोन्ही चाकांचं एकदम घ्या. एका चाकाला साधारणपणे एक पिन, दोन बुश, एक थ्रस्ट बेअरिंग, कॉटर आणि नट, शिम (पातळ चकत्या), दोन टोप्या आणि दोन ग्रीस निप्पल लागतात. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला घासलेली पिन असली की गाडी एका अंगाला ओढत राहते.

बुश घण घालून बसवू नका. पायरी काढलेला दांडा करून प्रेसमध्ये किंवा मोठ्या व्हाइसमध्ये दाबा. बुशचं भोक निप्पलच्या भोकासमोर आलंच पाहिजे. बुश बसल्यावर निप्पलच्या भोकातून बारीक तार आत जाते का ते बघा. इथे दोन मिलिमीटर चुकलं तर पुढची सगळी वर्षं ग्रीसगन मारूनही पिन कोरडीच राहणार आणि तुम्ही पुन्हा इथेच येणार.

पितळी किंवा गनमेटलचा बुश दाबून बसवल्यावर आकसतो, म्हणून रिमर (भोक मापात कापणारं हत्यार) मारावा लागतो. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत यायला लांब रिमर हवा, ज्याचा मार्गदर्शक दांडा एका बुशमध्ये राहतो आणि दुसरा बुश कापला जातो. वेगवेगळे कापले की प्रत्येक बुशमध्ये पिन छान फिरते, पण दोन्हीतून एकदम जात नाही. मग ती ठोकून घातली जाते आणि नवीन काम पहिल्याच दिवसापासून जाम असतं. दर फेरीला फार तर ०.०२-०.०३ मिमी कापा. रिमर एकाच दिशेने फिरवा, बाहेर काढतानाही. उलटा फिरवला तर धार जाते आणि बुशला ओरखडे पडतात. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने दोन्ही बुशमधून जाईल आणि कुठेही डुलणार नाही, इतकंच कापायचं. फट ०.०३ ते ०.०५ मिमीच्या आसपास येते. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. नायलॉनचे किंवा आतून प्लॅस्टिकचा थर असलेले बुश आले असतील तर त्यांना रिमर लावू नका, ते तयार मापाचे असतात.

बसवताना थ्रस्ट बेअरिंग खाली येतं, बीमच्या डोळ्याचा खालचा चेहरा आणि स्टबचा खालचा कान (पिन ज्यातून जाते तो पुढे आलेला भाग) यांच्यामध्ये. गाडीचं वजन बीममधून स्टबच्या खालच्या कानावर उतरतं ते याच जागी. बेअरिंगचं कव्हर वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे चिखल आत उतरत नाही. शिम वर, बीम आणि स्टबचा वरचा कान यांच्यामध्ये. स्टब खालून जॅकने हलका वर दाबून वरची फट फिलर गेजने मोजा. ०.१० ते ०.१५ मिमी ठीक. जास्त असेल तर प्रत्येक खड्ड्याला स्टब वर-खाली आपटतो, शून्य असेल तर स्टेअरिंग जड होतं.

पिन खाली उतरवण्याआधी तिची खाच कॉटरच्या भोकासमोर आणा. ठोकून झाल्यावर ती फिरवता येत नाही. कॉटर ठोकून बसवा आणि मग नट आवळा. नुसत्या नटाने ओढलेला कॉटर पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये सैल होतो. आता स्टब हाताने फिरवून बघा. तो गुळगुळीत फिरला पाहिजे आणि सोडला तिथेच थांबला पाहिजे.

हबला नवीन ग्रीस भरा. चाक फिरवत फिरवत नट घट्ट करा, चाक जड झालं की सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्या आणि लॉक करा.

लिंक जोडणं आणि टो

टेपरला ग्रीस किंवा तेल लावू नका. बॉलचा टेपर आणि आर्मचा डोळा दोन्ही कोरडे पुसून बसवा, कारण तिथली पकड घर्षणाचीच असते. टेपर डोळ्यात डुलत असेल तर डोळा गेला, नवा एंड त्याला वाचवणार नाही. कॅसल नट पूर्ण जोराने आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे घेऊन कधीच नाही. स्प्लिट पिन नवीन घाला. तिच्या जागी खिळा किंवा तार लावलेली दिसली, तर त्या माणसाचं बाकीचं कामही तपासा.

टायरॉडच्या एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. दोन्ही एंड जवळपास सारखेच आत गेले पाहिजेत. एक खोल आणि एक जेमतेम चार आट्यांवर लटकलेला, असं नको. क्लॅम्पची फट नळीच्या चिरेसमोर ठेवा, नाहीतर बोल्ट आवळूनही नळी दाबली जात नाही. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण वळणावर बीमला किंवा पाट्याला लागत नाही, हेही बघा.

टो (दोन्ही चाकांमधल्या पुढच्या आणि मागच्या अंतरातला फरक) लावण्याआधी पाटे बीमला बांधणारे यू-बोल्ट, पाट्यांचा सेंटर बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या जोडणीचे) बुश बघून घ्या. सेंटर बोल्ट तुटला तर बीम पाट्यावर मागे सरकतो. पुढच्या आणि मागच्या हबमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, फरक लगेच कळेल. बीम आणि पाट्यामध्ये कॅस्टरची (किंगपिनचा मागे कल ठरवणारी) पाचर असेल तर तिची जाड बाजू मागे हवी. यू-बोल्ट सोडून पाटे काढलेल्या गाड्यांत ही पाचर उलटी बसलेली वारंवार दिसते. मग गाडी सरळ रस्त्यावरही दोन्हीकडे भटकते. माल वाढवायला पुढे जादा पाटा टाकला असेल तर ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टेअरिंग आपोआप वळतं. त्यावर उपाय पाटा काढणं हाच आहे.

टोसाठी दोन्ही टायर उचलून फिरवत मध्यावर खिळ्याने बारीक रेघ मारा. गाडी खाली घ्या, दोन मीटर पुढे ढकला आणि हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा. पुढचं अंतर १ ते ३ मिमी कमी असावं. टायरॉड बीमच्या मागे असेल तर तो लांब केल्यावर टो-इन (चाकांचं पुढून जवळ येणं) वाढतो. किती फिरवायचं याचा अंदाज घ्या: आट्यांची पिच १.५ मिमी असेल तर नळीच्या एका पूर्ण फेऱ्याला टायरॉड ३ मिमीने बदलतो. स्टबचा आर्म १५० मिमी आणि टायर ७०० मिमी धरला, तर टायरपाशी तो फरक १४ मिमी होतो. म्हणून एक अष्टमांश फेऱ्याच्या हिशेबाने फिरवा.

ड्रॅग लिंकची लांबी सगळ्यात शेवटी. ती सुटी असताना स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्यावर आणून थांबा, चाकं सरळ ठेवा आणि ड्रॅग लिंक त्या अंतराला जुळवून जोडा. स्टेअरिंग वाकडं दिसतं म्हणून स्टेअरिंगचं चाक काढून दुसऱ्या दातावर बसवणं चुकीचं आहे. बॉक्समधली सर्वात घट्ट, बिनप्लेची जागा मध्यावर असते आणि गाडी सरळ धावताना बॉक्स तिथेच हवा. मग दोन्हीकडे पूर्ण वळवून स्टॉपचे स्क्रू असे लावा की टायर पाट्याला किंवा ब्रेक होजला शिवणार नाही.

पहिल्या ५०० किमीनंतर कॉटरचे नट, यू-बोल्ट, क्लॅम्प आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा आवळा.

ग्रीस मारताना बीम जॅकवर घेऊन चाकं अधांतरी ठेवा. गाडी जमिनीवर असते तेव्हा सगळं वजन थ्रस्ट बेअरिंगवर दाबलेलं असतं, ग्रीस वरच्या मोकळ्या फटीतून बाहेर पडतं आणि खालची बाजू कोरडी राहते. ज्या गाड्यांना नियमित ग्रीस मारूनही किंगपिन जातात, त्यांचं कारण बहुधा हेच. लिथियम ग्रीस, घट्टपणाच्या एनएलजीआय २ दर्जाचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा, वरून आणि खालून दोन्हीकडून. मारताना चाक डावी-उजवीकडे फिरवत राहा. निप्पल ग्रीस घेत नसेल तर तो काढून आतली वाट तारेने मोकळी करा. पावसाळ्यात शेतरस्त्यावर आणि चिखलात चालणाऱ्या गाडीला हे दर आठवड्याला करायचं, कोरड्या दिवसांत दोन हजार किलोमीटरला. पुढचा भाग प्रेशरने धुतला असेल तर त्याच दिवशी, गाडी वाळायची वाट न बघता.